घरपोच भोजनाचा धंदा आणि त्याचे दफ्तर



आपल्या मानकोलीच्या परिसरात आज जिकडे तिकडे गोदामे उभी आहेत आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून रात्रंदिवस माल वाहत आहे. येथे राबणाऱ्या माणसांना वेळेवर अन्न हवे असते. म्हणून बसण्याची जागा नसलेले, केवळ घरपोच जेवण पाठविणारे भोजनगृह काढावे, असे आपल्या काही तरुणांच्या मनात घोळत आहे. यालाच हल्ली ‘क्लाउड किचन’ म्हणतात. विचार स्तुत्य आहे. परंतु ज्या भोजनगृहाला दर्शनी दार नाही, त्याचा गिऱ्हाइकाशी संबंध नोंदीवरच अवलंबून असतो. नोंद चुकली की जेवणही चुकले!

पुष्कळजण सर्व मजकूर एकाच वहीत लिहितात. प्रत्येक ऑर्डरीसमोर तेच नाव आणि तोच पत्ता! गिऱ्हाइकाने बिऱ्हाड बदलले, की वीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एक जरी राहून गेली, तरी अन्न जुन्या दारी जाते. आयबीएम कंपनीतील इ. एफ. कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची रीत सांगितली. तिच्यावर उभारलेल्या दफ्तरास ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात.

ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याची समग्र माहिती एकदाच लिहितात व त्याला क्रमांक देतात. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्यास मिळत नाही. तद्वत् गिऱ्हाइकांचा एक तक्ता, पत्त्यांचा दुसरा, कारण एकाच गृहस्थाचे घर निराळे व कामाचे गोदाम निराळे असते. पदार्थांचा तिसरा, ऑर्डरींचा चौथा. एका ऑर्डरीत अनेक पदार्थ असतात, म्हणून ऑर्डरीचा क्रमांक, पदार्थाचा क्रमांक, नग व दर यांचा पाचवा. पोचविणाऱ्यांचा सहावा.

येथे कोणी विचारील, दर पदार्थांच्या तक्त्यात असताना पुन्हा का लिहावा? कारण आजचा दर आणि त्या दिवशी घेतलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या भाव वाढविला म्हणून कालचे बिल बदलता कामा नये. तसेच ऑर्डर थेट आली की एखाद्या ॲपमार्फत, याचा रकाना अवश्य ठेवावा; कारण १ जानेवारी २०२२ पासून ॲपमार्फत विकल्या जाणाऱ्या भोजनगृहसेवेवरील जीएसटी सामान्यतः त्या ॲपच्या कंपनीने भरावयाचा असतो. दोन्ही विक्री एकत्र कालविल्यास कराचा हिशेब बिघडेल.

मुंबईचे डबेवाले पाहा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली आरंभिलेल्या त्या कार्यात डब्याच्या झाकणावरील मोजक्या खुणाच डब्याला मुक्कामी नेतात. संगणक नव्हता, पण खुणेची शिस्त होती. ती शिस्त नसेल तर महागडे यंत्रही निरुपयोगी होय.

बंधूंनो, असे धंदे आपल्याकडे घरच्या माणसांच्या जिवावर उभे राहतात. वहिनी रांधते, धाकटा दीर पोचवितो, भांडवल मात्र थोरल्याच्या पतपेढीतील कर्जाचे. कोणाचे किती श्रम व किती पैसा, हे लिहिलेले नसेल, तर धंद्याआधी घर मोडते. म्हणून चूल पेटविण्यापूर्वी तक्ते आखा आणि ते घरातील प्रत्येकास, विशेषतः रांधणाऱ्या भगिनींस, वाचता येतील असे ठेवा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.