रानाचा ऋतू आणि अंगणवाडीचं वेळापत्रक

सेविकाताई आणि मदतनीसताईंनो,

आज मला एकच मागणी मांडायची आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत लेकरांनी काय खेळायचं, केव्हा खेळायचं आणि अंगणवाडी किती वेळ उघडी ठेवायची, हे रानाचे आणि शेतीचे ऋतू पाहून गावानं ठरवावं.

चैत्रात काय होतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. एक लेकरू कडेवर असतं, दुसरं पदर धरून चालतं. आपण हजेरी घेतो तेव्हा पटावर निम्मी नावं गैरहजर दिसतात. त्या वेळी ते लेकरू मोहाखाली बसून दोन बोटांच्या चिमटीत एकेक फूल उचलत असतं, माती झटकत असतं, चिरडलेलं फूल बाजूला टाकत असतं. पेन्सिल धरण्यासाठी बोटांत जी ताकद यावी लागते, ती तिथं येत असते. मग तेंदूचा हंगाम लागतो आणि घराघरांत तेंदूच्या पानांचे पुडे बांधायला सगळे बसतात. आपल्याकडे एका पुड्यात सत्तर पानं असतात. पाच वर्षांचं लेकरू आईशेजारी बसून देठ एका बाजूला करतं, पानावर पान लावतं, फाटकं पान वेगळं काढतं. त्याला सत्तरपर्यंत मोजता येत नाही, पण पुडा भरत आला की ते ओळखतं. अंदाज, क्रम, वर्गवारी ही गणिताची सगळी पूर्वतयारी त्यात आहे.

लेकरांना मजुरीला लावा, असं मी म्हणत नाही. मे महिन्याच्या उन्हात चार वर्षांचं मूल तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवर दिवसभर बसवणं वाईटच. खेळ आणि काम यांतली खूण सोपी आहे. नको झालं की लेकराला उठून जाता आलं, तर तो खेळ. ही खूण सेविकेनं राखायची. तीच पानं, त्याच बिया अंगणवाडीत आणायच्या आणि तिथं त्यांचा खेळ करायचा.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शंख-शिंपले, पानं आणि बिया घेतल्या आणि त्यांतूनच मोजणं, जुळवणं, रंग ओळखणं शिकवलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथं असेल तिथं शिक्षण गेलं पाहिजे, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. अंगण पोचलं, कुरण मागे राहिलं, याची मला खंत वाटते.

आज कागदावर सगळं आपल्या बाजूनं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं तेच धोरण सांगतं. २०२२चा पायाभूत स्तराचा आराखडा आणि २०२४चा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम, दोन्ही खेळावर उभे आहेत. पण छापील आठवडा सगळीकडे सारखा चालवला, तर तो इथं टिकत नाही. मोहाच्या दिवसांत आपली अंगणवाडी ओस पडते. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला की नेमकं उलटं होतं. आई दिवसभर बांधीत असते आणि लेकरू संध्याकाळपर्यंत सांभाळायला कुणीतरी हवं असतं. त्याच पावसात पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा रस्ता बंद होतो आणि सेविकेला हाताशी असेल त्यावर आठवडा काढावा लागतो. या तिन्हीकडच्या अंगणवाड्यांना एकच वेळापत्रक कसं पुरेल?

रोवण्याच्या दिवसांत अंगणवाडीच्या मागे हातभर वाफा करा. चिखल तुडवू द्या, भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावू द्या. कपडे मळतील, आयांना ते आधी सांगून ठेवा. पुढे लेकरांचा तान्हा पोळा येतो. घरोघरचे लाकडी नंदी आणायला सांगा. कुणाचा मोठा, कुणाचा लहान, कुणाच्या नंदीला चाकं आहेत, यावर लेकरं तासभर बोलतात. नंदी घेऊन घरोघर मिळालेला खाऊ-पैशांचा बोजारा गोळा करून आल्यावर तो मोजण्यासारखा गणिताचा दुसरा धडा नाही. कापणीनंतर तणसावर उड्या, फाल्गुनात पळसफुलांचा रंग, उन्हाळ्यात चारं आणि टेंबरं ही रानफळं खाऊन उरलेल्या बिया. एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी लेकरांच्या हाती देऊ नका, त्या विषारी आहेत. आणि तीन वर्षांच्या आतल्या भावंडांजवळ कुठलीच बारीक बी ठेवू नका.

तुम्ही विचाराल, लेकरांना रानात न्यायचं कसं? ताडोब्याच्या कडेच्या गावांत आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात आया स्वतः वाघाच्या भीतीनं जीव मुठीत धरून मोह वेचायला जातात. तिथं लेकरांना रानात न्या, असं मी कधीच सांगणार नाही. तिथं रान अंगणवाडीत आणायचं आणि ते आणणारी माणसं गावातच आहेत. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ हे पुस्तक वाचा. गडचिरोलीच्या बायांना झाडांबद्दल किती ठाऊक आहे, ते त्यात दिसतं. अशा एका आजीला आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बसवा. ती पळसाच्या पानाचा द्रोण करील, एखाद्या झाडाची कथा सांगेल. आणि ती गोंडीत, माडियात, कोलामीत किंवा आपल्या झाडीबोलीत सांगेल, हे सगळ्यांत मोलाचं. एटापल्लीच्या माडिया लेकराला मराठी पहिल्यांदा अंगणवाडीत भेटते. तीन वर्षांचं मूल परक्या भाषेत खेळत नाही, ते गप्प बसतं. आपण त्याला शहाणं म्हणतो आणि पुढे जातो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती हे ओळखूनच.

आता पालकांविषयी. गावात कॉन्व्हेंटची गाडी येते, टाय लावलेली मुलं त्यात बसतात आणि तुमच्याकडची आई विचारते, ‘ताई, तुम्ही नुसतं खेळवता, एबीसीडी कधी शिकवणार?’ तिला हसू नका. आपलं लेकरू मागे राहील, ही भीती खरी आहे आणि ती पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे. तिला महिन्यातून एकदा अंगणवाडीत बसवा. तिच्या पोरीनं दहा प्रकारच्या पानांच्या ढिगातून चारोळीचं पान वेगळं काढलेलं तिला दाखवा. अक्षर ओळखायला हीच नजर लागते, हे तिला दिसेल. सांगण्यापेक्षा दाखवणं चांगलं.

हे सारं कुणी करायचं? तुम्हीच. तुमच्याकडे वजन-उंची आहे, आहाराचं वाटप आहे, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ आहे आणि रेंज नसलेल्या गावात पोषण ट्रॅकर ॲप भरणं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली तुमचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी तुमचं काम आजही मानधनावर चालतं. खेळासाठी रोज दोन तास मोकळे मिळाले नाहीत, तर कुठलाही अभ्यासक्रम कपाटातच राहील.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. सेविकाताईंनो, मोहाच्या हंगामाआधी ग्रामसभेत आपल्या गावाचं ऋतूंचं वेळापत्रक मांडा आणि त्याचा ठराव करून घ्या. कोणत्या महिन्यात अंगणवाडी लवकर उघडायची, केव्हा उशिरापर्यंत ठेवायची, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या कुटुंबांची लेकरं परतल्यावर त्यांना पुन्हा कसं सामावून घ्यायचं, हे सगळं त्यात लिहा. आणि प्रशासनानं तो ठराव मान्य करावा. मोहाच्या दिवसांत पट भरला नाही म्हणून एकाही सेविकेला नोटीस जाऊ नये.