मूठभर धान्याची ठेव



भुकेल्यांसाठी धान्यकोठी उभारायला मोठे भांडवल लागते, असा समज आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तो खोटा ठरवला. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे नाना जातींची गरीब मुले एका पंक्तीला जेवत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही विकले. परंतु एका घराचा त्याग कितीही थोर असला, तरी त्यावर रोजची पंगत निभत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे मुष्टिफंड. गृहिणीने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे. साठले की ते वसतिगृहाकडे जायचे. एका मुठीने घरातले कोणी उपाशी राहत नाही, म्हणून ती उद्याही देता येते. पणजीतही 1908 साली अशाच मुठींतून मराठी शाळेसाठी संस्था उभी राहिली. 'मुष्टिफंड' हे नाव तिने आजही जपले आहे.

हीरकमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक डबा वेगळा ठेवावा. मूठ लहान असली तरी चालेल. तिच्यात खंड पडू नये.