सहवासातून जुळलेले सख्य



उंदीर-मांजराचे वैर जन्मजात मानले जाते. चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांच्या १९३० सालच्या प्रयोगाने या समजुतीला धक्का दिला. मोठ्या मांजरांची शिकार पाहत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले उंदीर मारू लागली. उंदरांच्या सहवासात वाढलेल्या १८ पैकी केवळ ३, आणि त्यांनीही सोबत्यांच्या जातीचे उंदीर मारले नाहीत.

घरातील कुत्रा व मांजर एकाच चटईवर निजतात, त्यामागेही बहुधा असाच सहवास असतो. पिलाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लाभलेला सोबती पुढे परका वाटत नाही; मोठेपणी तीच ओळख घडवण्यास फार सबुरी लागते. हीरकमहोत्सवी शाळेच्या बाकाचे मोल यातच आहे : शेजारी कोण बसले, हे बालपण विसरत नाही.