दिवस नको, रात्री मोजूया

(लोणावळ्यात भरलेल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या वेळी आझाद मैदानावर धरणं धरायचं, हे सकाळी ठरलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या बायका रात्रभर प्रवास करून येणार, तर त्याला जोडून सहा दिवसांची अभ्याससहल करावी, हेही ठरलं. मग वाद झाला तो असा, की राजधानीत किती राहायचं आणि बाहेर किती? बहुतेकींचं म्हणणं पडलं, की पाच दिवस मुंबई आणि एक दिवस मावळ. सकाळची गाडी धरायची, कार्ल्याची लेणी बघायची, एखाद्या गावात बैठक घ्यायची आणि चिक्की घेऊन रात्री परत. मला या मांडणीबद्दल बोलायचं आहे.

आधी मुंबईची बाजू. मेळघाटातून पहिल्यांदाच मुंबईला आलेल्या बाईनं समुद्र बघायलाच हवा. त्यात चैन काही नाही. मंत्रालय, राज्य महिला आयोगाचं कार्यालय, गिरणगावात चाळींच्या जागी उभे राहिलेले टॉवर, हेही बघायला हवं. आपल्या आयुष्याबद्दलचे निर्णय कुठे लिहिले जातात, ते दार एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. पण तो निर्णय गावात पोचतो तेव्हा त्याचं काय होतं, हे मंत्रालयाच्या जिन्यावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी घाट चढून वर यावं लागतं.

आणि मावळ म्हणजे काही मुंबईच्या बाजूला पडलेलं सहलीचं ठिकाण नव्हे. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून 1915 साली वीज तयार होऊ लागली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. याच विजेसाठी शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरण आलं, तेव्हा 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. त्यात बायका होत्या. पुढे पवनेचं धरण झालं. त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं आणि धरणग्रस्त मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुनर्वसनाच्या जमिनीसाठी खेटे घालत राहिले. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करायला लोक बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. त्यांत एक बाई होती. आपण मुंबईहून पुण्याला जाताना त्याच रस्त्यावरून जातो.

म्हणजे मावळाला वेळ द्यायला हवा, इथवर वाद नसावा. प्रश्न आहे कोणता वेळ द्यायचा हा.

एक दिवसाच्या सहलीचा हिशोब मांडून बघा. मुंबईहून निघून लोणावळ्याला उतरा, लोणावळा-पुणे लोकलनं मळवली किंवा कामशेतला या, तिथून गावात जा. पोचेपर्यंत अकरा वाजतात. अकरा वाजता गावातली बाई कुठे असते? कोणी बंगल्यावर झाडलोट करायला गेलेली, कोणी हॉटेलात भांड्यांना, कोणी तळेगावच्या एमआयडीसीत, कोणी रानात. कातकरवाडीतल्या बायका वीटभट्टीवर, नाहीतर मोळी आणायला. गावात तुम्हांला भेटतात ते पारावरचे पुरुष. सरपंचबाईंशी बोलायचं म्हटलं, तर शेजारी बसून त्यांचे मालकच उत्तरं देतात. चार वाजता तुम्ही उठता, कारण गाडी चुकायला नको. त्यानंतर दोन तासांनी बाई घरी येते. मग चूल, पाणी, पोरं, म्हातारी माणसं. तिला मोकळीक मिळते ती रात्री नऊनंतर. बचत गटाची बैठकही तेव्हाच भरते.

म्हणून माझं म्हणणं आहे, की दिवस मोजू नका, रात्री मोजा. दिवसाच्या सहलीत गाव दिसतं, पण गावातली बाई दिसत नाही.

रात्री काय कळतं, त्याचं एकच उदाहरण देते. 1994 साली महाराष्ट्रानं कायदा केला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या मुलींना त्यातून वगळलं होतं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद काढला. बापाचा मृत्यू 2005 पूर्वी झाला असला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. कागदावर लढाई आपण जिंकलो आहोत. आता मावळात या. इथे द्रुतगती महामार्ग झाला, बंगले आले, फार्महाऊस आले आणि भातखाचरांचे भाव कुठल्या कुठे गेले. जमीन विकायची तर सातबाऱ्यावरच्या बहिणींच्या सह्या लागतात. मग वर्षानुवर्षं न आलेला भाऊ बहिणीच्या दारात गाडी घेऊन येतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र होतं, बहिणीला साडीचोळी होते. सही दिली नाही तर माहेर तुटतं. सासरचे म्हणतात, हिस्सा आण. माहेरचे म्हणतात, हिस्सा मागायला लाज वाटत नाही? ही गोष्ट बाई दिवसाढवळ्या, दीर-सासऱ्यांच्या देखत, पाहुण्यांना सांगेल का? ती भांडी घासून झाल्यावर, ओट्यावर बसून, आणि तीही दुसऱ्या रात्री सांगते. पहिली रात्र तुमची जात, गाव आणि पोरंबाळं विचारण्यात जाते.

तेव्हा पाच रात्रींपैकी दोन मुंबईला आणि तीन मावळात, अशी माझी सूचना आहे. एक रात्र ओळखीला, एक ऐकायला, आणि एक आपलं सांगायला. नांदेडची बाई आपल्या गावात वारसनोंदीसाठी कशी भांडली, हे इथल्या बाईनंही ऐकायला हवं. नाहीतर आपण नुसत्या पाहणी करून जाणाऱ्या होऊ.

आता काही अडचणी. मुक्काम लोणावळा शहरात नको. शनिवार-रविवारचं लोणावळा म्हणजे घाटावर आलेली मुंबईच. मुक्काम कामशेतच्या पुढे आतल्या गावांत करायचा आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत करायचा. मार्च त्यासाठी चांगला. भात निघालेलं असतं, आणि पाण्याची ओढ सुरू झालेली असल्यामुळे हंडे कोण वाहतं तेही दिसतं. आषाढात लावणी चालू असताना मात्र बैठका मागू नका. तेव्हा यायचंच तर चिखलात उतरून रोपं लावायला या. ज्या इंद्रायणी तांदळाचं नाव तुम्ही शहरात ऐकता तो वडगावच्या संशोधन केंद्रात निघाला, पण तो खाचरात उभा राहतो बायकांच्या वाकलेल्या पाठीवर.

दुसरं, आपल्या मुक्कामाचा भार घरच्या बाईवर पडता कामा नये. दहा जणी उतरल्या, की तिच्या वीस-तीस भाकऱ्या वाढतात आणि आपण स्त्री-मुक्तीवर चर्चा करत बसतो. शिधा आपला, स्वयंपाक पाळीपाळीनं, आणि राहण्याचे पैसे रोख तिच्या हातात. संडासाची सोय आणि परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ आधी विचारून ठेवायची. "बायकांना बाहेर कुठे ठेवणार?" या प्रश्नाला घाबरून आपण पुन्हापुन्हा राजधानीतल्याच वसतिगृहात राहतो. नीट तयारी केली, की तो प्रश्न सुटतो.

तिसरं, दिवसा मोकळ्या वेळी लेणी जरूर बघा. एकवीरेला मुंबईच्या कोळणी पिढ्यान्‌पिढ्या येतात, म्हणजे मुंबईच्या मूळच्या बायकांना ही वाट आपल्या आधीपासून ठाऊक आहे. कार्ल्याला गर्दी असते. बेडसे शांत आहे. तिथे पाण्याच्या टाक्यापाशी सामडिनिका नावाच्या बाईचा, ते आपलं दान असल्याचा, शिलालेख आहे. ती महारथी घराण्यातली होती, म्हणून तिचं नाव दगडावर राहिलं. बोरघाटाच्या रेल्वेचंही तसंच. ठेकेदार नवरा 1859 मध्ये वारला, तेव्हा ॲलिस ट्रेडवेल या बाईनं ठेका पुढे चालवला आणि 1863 मध्ये घाटातून गाडी धावली. तिचं नाव इतिहासात सापडतं. टोपल्या वाहणाऱ्या मजूर बायकांचं सापडत नाही. आजही मावळातल्या बहुतेक बायकांचं नाव जमिनीच्या कागदावर येतं ते हक्क सोडण्यापुरतं.

तेवढ्यासाठी तीन रात्री मागते आहे. दुपारच्या सत्रात ठराव येईल तेव्हा त्यात किती दिवस कुठे असं न लिहिता किती रात्री कुठे असं लिहावं, आणि मग मत द्यावं.