रस्त्याखालून झिरपणारे पाणी



जुनी इमारत पाडली की विटा, काँक्रीट आणि गिलाव्याचा ढीग उरतो. हा राडारोडा भरडून रस्त्याच्या खालच्या थरात घातला, तर तेवढी खडी डोंगर न फोडताच मिळते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१७ साली त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. गोष्ट चांगलीच आहे. पण या थरातून पावसाचे पाणी झिरपेल तेव्हा ते आपल्याबरोबर काय घेऊन जाईल, हे आधी पाहावे लागते. कारण रस्त्याच्या कडेला विहिरी असतात आणि त्यांचे पाणी माणसे पितात.

हे पाहायचे कसे? कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात साधे पाणी ठेवले तर सहसा काही बिघडत नाही. ताक ठेवले की ते कळकते. भांडे तेच, त्यातले तांबेही तेवढेच. म्हणजे पदार्थात धातू किती आहे हा एक प्रश्न झाला, आणि त्यातून बाहेर किती येतो हा अगदी निराळा. दुसऱ्याचे उत्तर भांड्यात काय ओतले यावर अवलंबून असते.

अमेरिकेत १९९० पासून एक चाचणी रूढ आहे. पदार्थाच्या वजनाच्या वीसपट द्रव घ्यायचा, त्यात सिरक्यातले आम्ल घालायचे आणि बाटली सुमारे १८ तास उलटीपालटी फिरवायची. ही चाचणी कचऱ्याच्या ढिगासाठी बेतलेली आहे. कुजणाऱ्या कचऱ्यात अशी आम्ले तयार होतात. पण रस्त्याखाली कचरा कुजत नाही! तेथे पावसाचे पाणी असते आणि चुन्याने भरलेले काँक्रीट असते.

आता कोणी म्हणेल, आम्ल वापरले तर चाचणी कडकच झाली; बिघडले कोठे? येथेच गंमत आहे. शिसे आम्लात विरघळते, तसेच तीव्र अल्कातही विरघळते. मधल्या पट्ट्यात मात्र फारच थोडे विरघळते. ताज्या भरडलेल्या काँक्रीटमधून आलेल्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो. बाटलीतल्या आम्लाने तो खाली आणून नेमका त्या मधल्या पट्ट्यात सोडला, तर शिसे दडून बसते आणि कागदावर 'निर्धोक' असा शेरा पडतो. जी चाचणी कडक वाटली, तीच गाफील ठरते.

म्हणून प्रयोगशाळांनी प्रश्नच बदलला. नेदरलँड्सने १९९५ साली बांधकामाच्या पदार्थांसाठी खास नियम केला. तेथे भरडलेला माल उभ्या नळीत भरतात, खालून संथपणे पाणी चढवतात आणि पहिल्या पाण्यापासून शेवटच्यापर्यंत सात वेगळे नमुने घेतात. काय आधी धुऊन निघते आणि काय रेंगाळते, ते त्यावरून कळते. अमेरिकेनेही २०१२ व २०१३ साली चार नव्या पद्धती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एकीत तोच माल २ पासून १३ पर्यंतच्या नऊ निरनिराळ्या सामूंवर तपासतात. दुसरीत न भरडलेला अखंड तुकडा ६३ दिवस पाण्यात ठेवून नऊ वेळा पाणी बदलतात.

नऊ सामू कशासाठी? कारण रस्ता म्हातारा होतो. हवेतला कर्बवायू चुना खाऊन टाकतो आणि सामू उतरत जातो. नॉर्वेत भरडलेल्या काँक्रीटचा थर घातलेल्या एका रस्त्याखालचे पाणी चार वर्षांहून अधिक काळ तपासले गेले. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डांबराखालच्या थरातून येणाऱ्या पाण्याचा सामू १२.६ होता, तो अडीच वर्षांत १० च्या खाली आला. उघड्या थरात हेच एका वर्षात घडले. शिसे, जस्त यांसारखे धातू कमीच आढळले आणि पाणी तेथील मर्यादेत राहिले. दोन हिवाळ्यांत मात्र क्रोमियम आणि मॉलिब्डेनम वाढले. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ हे त्याचे संभाव्य कारण दिले गेले. नुसत्या पाण्याच्या बाटलीला हे कधीच उमगले नसते.

आपल्या बहुतेक रस्त्यांवर मीठ पडत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने थर कोरडा राहतो. तेव्हा आपली चाचणीही या ओल्या-सुक्याचा विचार करणारी हवी.

म्हणून माझे सांगणे इतकेच. राडारोड्याला भिऊ नका, आणि 'चाचणी झाली आहे' एवढ्या वाक्यावर विसंबूही नका. आपल्या गावात असा रस्ता होईल तेव्हा नगरपालिकेला तीन गोष्टी विचारा: चाचणीत पाणी कोणते वापरले, किती दिवस वापरले, आणि माल ताजा होता की मुरलेला? हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ताक कोणत्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या घरातल्या आजीला ठाऊक होते. तेवढी सावधगिरी रस्त्याच्या बाबतीत आपण दाखवली तरी पुरे.