रीत बदला, मूल शिकेल



अट्ठकथेतील चूळपंथक भिक्खूची कथा आपण वर्षावासात ऐकतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ पांढरे वस्त्र दिले व ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि शब्दांतून न कळलेली अनित्यता त्याला डोळ्यांनी दिसली. तथागतांनी शिष्याला दूर केले नाही, शिकविण्याची रीत बदलली.

आज आपल्या वस्त्यांतही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुले आहेत. 'ऐकत नाही', 'आईने लाडावले' असे म्हणून त्यांना बाजूला सारले जाते. स्वमग्नता हा आईचा दोष नव्हे, मागच्या जन्मीचे पापही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील तो वेगळेपणा आहे. यांतील पुष्कळ मुलांना बोललेले शब्द निसटतात, पण समोर दिसणारी गोष्ट टिकते. पुढे काय होणार हे न कळल्यास ती घाबरतात, आणि त्या भीतीलाच आपण हट्ट म्हणतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांनी हे ओळखून 'टीच' हा कार्यक्रम उभारला. १९७२ पासून तो राज्यभर सुरू झाला. त्याचे मर्म सोपे आहे. कोणते काम, किती काम, ते संपले कधी समजायचे आणि पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला डोळ्यांनी दिसली पाहिजेत.

याला फार पैसा लागत नाही. पुठ्ठ्यावर प्रार्थना, पाटी, डबा, खेळ, घर अशी चित्रे क्रमाने लावावीत. एक काम झाले की मुलाने ते चित्र काढून 'झाले' लिहिलेल्या डब्यात टाकावे. डाव्या टोपलीतले काम संपले की उजव्या टोपलीत ठेवावे. बसण्याची जागा ठरलेली असावी. वाचता येणाऱ्याला शब्दांची यादी पुरते. बदलही आधीच दाखवावा. १४ एप्रिलला शाळा नाही, मिरवणूक आहे, हे आदल्या दिवशीच चित्राने सांगावे. ढोलताशा सोसत नसेल तर शांत जागा राखावी.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. हक्क कागदावर आला, तो वर्गात आणणे आपले काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या विहारातील बालवर्गासाठी चपला काढणे, वंदन, त्रिशरण, पंचशील, खाऊ, घर अशी सहा चित्रे काढून द्या. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश केवळ बोलक्या मुलांसाठी नाही. मूल शिकत नसेल तर आधी आपली रीत तपासू या.

नमो बुद्धाय! जयभीम!