बाळाचे वजन आणि मातेचा श्वास



मी परिचारिका होते, डॉक्टर नव्हे. परंतु बालकांची वजने घेण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. मूल गुटगुटीत असले तर कौतुक घराण्याचे आणि तेच सातव्या वर्षी स्थूल झाले तर दोष सुनेच्या हातचा, हा न्याय मी अनेक सासवांच्या तोंडून ऐकला आहे. त्याविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तर मॅनहॅटन व दक्षिण ब्राँक्स या दाट वस्तीच्या भागांतील ७०२ गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. त्यांत धूम्रपान करणारी एकही नव्हती. शेवटच्या तिमाहीत प्रत्येकीने दोन दिवस पाठीवर एक पिशवी बाळगली. तीत हवा ओढून घेणारे यंत्र होते. रात्री ते बिछान्याजवळ ठेवावयाचे. डिझेल, कोळसा किंवा तंबाखू जळताना ‘पीएएच’ नावाची संयुगे धुरातून बाहेर पडतात. मातेच्या श्वासातील हवेत ती किती, हे मोजावयाचे होते.

पुढे त्यांच्या मुलांची वजने घेतली गेली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या हवेत ही संयुगे सर्वाधिक होती, त्यांच्या मुलांत स्थूलतेची शक्यता, सर्वांत कमी संयुगे असलेल्या गटाच्या तुलनेत, पाचव्या वर्षी १.७९ पट आणि सातव्या वर्षी २.२६ पट आढळली. मातेचे गर्भारपणापूर्वीचे वजन, बाळाचे जन्मवजन, घरची गरिबी हे सर्व हिशेबात धरूनही!

धुरानेच मूल स्थूल झाले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. संबंध दिसतो, इतकेच. उंदरांवरील प्रयोगांत मात्र कारणाचा माग लागतो. यांपैकी एका संयुगामुळे मेदपेशींत साठलेली चरबी मोकळी होण्याची क्रिया मंदावते आणि उंदीर जादा न खाताही जड होतो.

खाण्याला महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. मुलांच्या हातातील गोड पेयांच्या बाटल्या मलाही दिसतात. पण ताटाचा हिशेब मागताना श्वासाचाही मागावा, आणि तो एकट्या मातेकडे मागू नये. बसचा धूर तिने सोडलेला नसतो.

काही गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. लाग बाओमेरच्या शेकोट्या, सुट्टीच्या दिवशीचा मंगाल, गच्चीत उभे राहून आजोबा ओढतात ती सिगारेट (दार उघडेच असते!) या सर्वांचा धूर घरातील गर्भवतीपर्यंत पोहोचतो. तिला शेकोटीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस बसवावे. आणि आजोबांनी जिना उतरून खाली जावे.